घुमटातला दिवा

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

तिसऱ्यांदा झालं! बाई सकाळी वेधशाळेच्या घुमटाच्या पायऱ्या दोन-दोन करत उतरल्या. "काका, काल परत मंदावला! बरोबर एकवीस दिवसांनी!" चहा दिला, तो तसाच गार झाला.

त्यांचा तो तारा दर एकवीस दिवसांनी दोनेक तास किंचित मंद होतो. म्हणजे त्याच्यापुढून काहीतरी सरकत जातं. ग्रह असावा. नुसतं 'असावा' — 'आहे' म्हणायची अजून सोय नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

विचारलं, ग्रह आहे की नाही हे ठरवतात कसं? बाई बोटांवर मोजायला लागल्या. निदान तीनदा दिसायला हवा. सारख्या अंतराने. दर वेळी तेवढाच मंद. मग बाकीची कारणं एकेक करून खोडायची — मागे दुसरा तारा लपलाय का, यंत्रात दोष आहे का. शेवटी दुसऱ्या वेधशाळेलाही तेच दिसलं पाहिजे. तोवर त्याला म्हणायचं उमेदवार.

"माझ्यासारखाच," म्हणाल्या. "मीही उमेदवारच की. एकतीस मार्चपर्यंत."

ग्रह ठरला तर त्यांना इथे कायम करतील. नाहीतर सामान बांधायचं.

आमचे गावचे गुरुजी ग्रह पाठ करून घ्यायचे. चुकलं की छडी. आई तर सूर्य-चंद्रालाही ग्रहांतच धरायची, आणि घरात काही बिघडलं की त्यांच्या नावाने बोटं मोडायची. पुरावा कुणी मागितला नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

थोरल्या साहेबांनी आलेख बघितला. बराच वेळ बघितला. "एकवीस दिवस म्हणजे नेमके तीन आठवडे. तिन्ही वेळा गुरुवार. आकाशाला वार कळत नाहीत, बाई. वार माणसांना कळतात."

"योगायोग असेल, सर."

"असेल ना. दुसऱ्या एखाद्या वेधशाळेला पत्र पाठवा. आणि तेरा मार्चला पुन्हा बघा."

आमचा ड्रायव्हर — त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही — माझ्या कानात म्हणाला, "दादा, ग्रहालाही तुमच्यासारखी ड्यूटी लावलेली दिसते!" मीही हसलो.

घुमटावर आम्ही तिघं शिपाई आळीपाळीने. दर तिसरा आठवडा माझा. आणि माझ्या आठवड्यातला गुरुवार —

मंगळवार, २५ फेब्रुवारी

लिहून टाकतो. इथे तरी.

आठ वर्षांपूर्वी, गुरुवारी, मी घुमटात होतो. फोन नियमाप्रमाणे दाराजवळच्या पत्र्याच्या पेटीत. घरी बायकोच्या छातीत कळ आली. सात फोन केले तिने. शेवटचा आठ वाजून वीस मिनिटांनी. मी पेटी उघडली दहाला, जेवायला उतरलो तेव्हा.

तेव्हापासून माझ्या आठवड्यातल्या गुरुवारी, आठ वीसला, जिन्यामागच्या कोनाड्यात तिच्यासाठी दिवा लावतो. चमचाभर तेलाचा. दोनेक तास जळतो. पुढे पत्रा उभा करतो. उजेड वर जात नाही, असं धरून चाललो. बटणावरच्या तांबड्या ठिपक्यालाही काळा कागद चिकटवणारा माणूस मी!

बाईंनीच एकदा समजावलं होतं — संगणक ताऱ्याच्या उजेडातून भोवतालच्या आकाशाचा उजेड वजा करतो. घुमटात नको तो उजेड शिरला, तर वजाबाकी जास्त होते. तारा आहे त्यापेक्षा मंद दिसतो.

दोनेक तास.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

डबा तसाच घरी परत नेला.

मंगळवार, ४ मार्च

ठरवलं. तेराला दिवा लावायचा नाही. तरीही तारा मंदावला तर दिव्याचा दोष नाही, आणि कुणाला काही सांगायलाच नको. देवाजवळ कधी काही मागत नाही. आज मागितलं — त्या दिवशी आकाश निवळ ठेव.

गुरुवार, १३ मार्च

ढग.

शुक्रवार, १४ मार्च

रात्रभर पाऊस. घुमट उघडलाच नाही. पुढची वेळ तीन एप्रिल — तोवर बाईंची मुदत संपते.

थोरले साहेब जरा नरमले. म्हणाले, तीनदा दिसलंय त्यावरच मांडा, बघू. येत्या बुधवारी बाई सगळ्यांसमोर मांडणार. नवी साडी घेतलीय. मला रंग विचारला. मी छान म्हटलं.

सोमवार, १७ मार्च

गप्प राहिलो तर? कुणाला कळणार आहे? बाई कायम होतील. आणि मग दुसरी वेधशाळा म्हणेल, आम्हाला काही दिसत नाही. मग बाईंचं हसं. तेही माझ्यामुळेच.

तिच्या फोटोसमोर बसून राहिलो. ती असती तर एका वाक्यात निकाल लावला असता — "पोरीला सांगून मोकळे व्हा."

मंगळवार, १८ मार्च

सांगितलं.

वाटलं होतं, ओरडतील. उठल्या, मोजपट्टी घेतली, कोनाड्यापाशी गेल्या. पत्र्याची उंची मोजली. कोनाड्यापासून दुर्बिणीपर्यंतचं अंतर मोजलं. वहीत लिहिलं. पत्र्याला वर काजळी धरलेली, त्यावर बोट फिरवलं.

"काका, आधी का नाही बोललात?"

मी म्हटलं, तेराला दिवा लावणार नव्हतो, तेव्हा कळलंच असतं.

"तेराला ढग होते."

"हो."

बोट रुमालाला पुसलं. मग विचारलं, "काकूंचं वय काय होतं?" सांगितलं, एकोणचाळीस. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

दुपारी आपणहून थोरल्या साहेबांकडे गेल्या. तारा उमेदवारांच्या यादीतून काढला. त्या दुसऱ्या वेधशाळेला कळवलं — आमच्याकडून चूक झाली, पत्र मागे घेतो. माझं नाव कुठेच घेतलं नाही! "घुमटात उजेड शिरत होता," एवढंच. साहेब म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" आणि मलाच बोलावून सांगितलं, सगळ्या फटी बुजवा.

संध्याकाळपर्यंत फटी बुजवत होतो. एकही फट नव्हती.

सोमवार, ३१ मार्च

बाई गेल्या. दोन पेट्या आणि पुस्तकांचं एक खोकं. रेडिओने सामान गाडीत चढवलं, तो आज बोललाच नाही. मी म्हटलं, तीन तारखेला मी दिवा न लावता बघायला सांगतो कुणाला तरी. त्या म्हणाल्या, "दुर्बीण दुसऱ्यांना दिलीय, काका. राहू द्या." साडीची घडी मोडलेली नव्हती. खोक्यात वरच होती.

मन मात्र हलकं वाटतं. खोटं उभं राहू दिलं नाही. देवाने तेवढं बळ दिलं.

गुरुवार, ३ एप्रिल

दिवा नाही. दुर्बीण भलत्याच ताऱ्याकडे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

बाईंचं पत्र. हल्ली शिकवणीत गणित शिकवतात. पत्र मागे घेतलं तरी त्या दुसऱ्या वेधशाळेने तारा सोडला नव्हता. पाच वेळा मंदावला. नेमक्या एकवीस दिवसांनी नाही — एकवीस दिवस आणि अकरा मिनिटांनी. ग्रह म्हणून नोंद झाली. शोधणाऱ्यांत बाईंचं नाव नाही.

शेवटी लिहिलंय, "काका, दिवा लावत जा."

आज माझीच ड्यूटी. काडेपेटी खिशात घातली. मग काढून ठेवली — वर आज कुणाचा तरी दुसरा तारा आहे.