तीनदा तोच शब्द

वरचं कुरण, १७ सप्टेंबर

प्रिय बुर्गी,

तू आणि पोरी खुशाल असाल. माझा गुडघा सोडला तर इथे बरं आहे. काल बर्फ भुरभुरलं, म्हणून शनिवारीच गुरं खाली आणतोय. यंदा त्यांच्या शिंगांना फुलं बांधणार नाही. त्यावरून शेजारचा व्हिन्त्सेन्त्स म्हणाला, "घरातलं कुणी गेलं तरच फुलं बांधत नाहीत. पाहुणा कधीपासून घरातला झाला रे?" मी त्याला गोठ्याच्या भिंतीवर आपटलं. दात पडला त्याचा. तुझ्या कानावर आलंच असेल.

सात वर्षं आपण बोललो नाही. आईचं घर तू स्कीवाल्यांना आणि उन्हाळ्यातल्या फिरस्त्यांना भाड्याने दिलंस, त्याचा राग नव्हता. हिवाळ्यात त्यांना लिफ्टच्या खुर्च्यांत बसवूनच माझंही पोट भरतं. राग आला तो तू त्यांच्यासारखी बोलायला लागलीस म्हणून. आईच्या स्वयंपाकघरात, माझ्याशीसुद्धा, आपली बोली सोडून, ओठ आवळून पाहुण्यांची पुस्तकी जर्मन! "कासियान, तुलाही येते ना, मग बोल की," म्हणालीस. मी सूपाचं भांडं भिंतीवर फेकलं.

आता तुझ्याकडे उतरलेल्या त्या पाहुण्याचं, ल्यूडर्सचं. पोलिसांना मी जे सांगितलं ते तुला माहीत आहे. वासरं पाठीशी असलेल्या गाईंनी त्याला आणि त्याच्या कुत्र्याला घेरलं, मी ओरडलो, पोचेपर्यंत उशीर झाला. त्यातलं एक अक्षर खोटं नाही.

अशा वेळी कुत्रा सोडून द्यायचा. तो पळतो, गाई त्याच्यामागे जातात, माणूस वाचतो. आपल्याकडे हे बाळकडूतच मिळतं. मी कुंपणावरून ओरडलो, "आउसलास!" सोड! पण तो पडला हॅम्बुर्गचा. त्याने ऐकलं नुसतं 'आउस', म्हणजे त्यांच्याकडे कुत्र्याला गप्प करायचा, आवरायचा शब्द. त्याने दोरी मनगटाला गुंडाळली, कुत्रा पोटाशी धरला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.

बुर्गी, तो उलटं समजलाय हे मला तेव्हाच कळलं. त्याच्या भाषेतलं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. आमच्या डोंगरावर येता, तर आमचं बोलणं शिका, असं मनात आलं. आणखी दोनदा "आउसलास"च ओरडलो, नुसता आवाज चढवून.

तेवढ्यात माझ्या फ्लोरा गाईने त्याला पाडलं आणि ती त्याच्या छातीवर चढली. फासळ्या मोडल्याचं कुंपणापाशी ऐकू आलं. मी आत घुसून काठीचे दोन तुकडे होईपर्यंत तिला झोडपलं, मग बुटांनी तुडवलं, तेव्हा कुठे ती हटली. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. त्याने मला विचारलं, "बरोबर केलं ना मी?"

मी म्हणालो, "हो, अगदी बरोबर." त्याच्या भाषेत म्हणालो.

अजून तुझ्याकडेच असलेल्या त्याच्या बायकोने तुझ्यामार्फत मला आभाराची चिठ्ठी पाठवली. मला लाज वाटते, बुर्गी, अन्न जात नाही. रविवारी प्रार्थना आटोपली की येतो आणि तिला सगळं सांगतो, तिला समजेल असं. तू मध्ये पडू नकोस, माझी बाजू घेऊ नकोस. घरात घ्यायचं नसेल तर अंगणात उभा राहून सांगेन.

हे पत्र पोलिसांना द्यायचं असेल तर दे. म्हणून खाली नुसतं 'तुझा दादा' लिहीत नाही.

कासियान माथियास ओबरहोफर