छपराचे पैसे आणि आगीचं सर्टिफिकेट

३ जून, संध्याकाळ
टायरच्या दुकानातला हा माझा शेवटचा उन्हाळा. हाताचा रबराचा वास कुठल्याच साबणाने जात नाही. आज तर एका बाईने चाकात अडकलेला मेलेला साप मलाच काढायला लावला. शिसारी आली. साप उचलता उचलता ठरवून टाकलं: कम्युनिटी कॉलेजात जायचं आणि फायरफायटरचं सर्टिफिकेट घ्यायचं. वय एक्केचाळीस. चालतं. या कामात वय बघत नाहीत, छाती बघतात.

४ जून
हिशेब मांडला. फी, पुस्तकं, कोट, हेल्मेट, बूट मिळून चार हजार दोनशे डॉलर. पगार इंटरनेटवर बघितला, वर्षाला बासष्ट हजार. म्हणजे महिनाभरात खर्च वसूल. कागद बायकोपुढे ठेवला. डार्ला म्हणाली, बँकेत आहेत ते पैसे छपराचे आहेत, शेगडीवर गळतं ते तुला दिसतं ना? मी सांगितलं, छप्पर बर्फ पडायच्या आत घालून देतो, तेही पत्र्याचं, हिरव्या रंगाचं. ती उठून गळतीखालचं पातेलं ओतायला गेली. म्हणजे पटलं.

कोट भाड्यानेही मिळत होता. विकत घेतला. भाड्याच्या कोटाला दुसऱ्याचा घाम. छी!

१७ जून
वर्गात सगळी एकोणीस वर्षांची पोरं. तोंडात तंबाखू, पिचकाऱ्या बाटलीत. तीच बाटली बाकावर. बघवत नाही. आज खांद्यावर पाइप घेऊन जिना चढायचा होता. दुसऱ्या मजल्यावर ओकलो. सॉसेजमुळे. उद्यापासून सॉसेज बंद.
आमचे शिक्षक कॅप्टन ओडेल स्वतः जवळ येऊन म्हणाले, मिस्टर स्टोक्स, तुम्ही जरा बसा. इतर कोणाला बसा म्हणाले नाहीत.

१८ जून
सॉसेज खाल्लं. संपवायचं होतं.

९ जुलै
जेवायला मेहुणा आला. रॉयस अकरा वर्षं आमच्या गावच्या अग्निशमन दलात आहे. मिशीत ग्रेव्ही. त्याने दलातला नियम सांगितला: ज्याचा फोटो पेपरात येईल त्याने सगळ्या स्टेशनला आइस्क्रीम द्यायचं. म्हणून हे लोक कॅमेरा दिसला की ट्रकमागे लपतात! कसली कद्रू माणसं. मी जाहीर केलं की माझा फोटो आला तर दोन-दोन स्कूप देईन. रॉयस हसला. मिशी आणखी घाण झाली.

२ ऑगस्ट
ओडेल सांगत होते की पगारी नोकरीला आधी अँब्युलन्सचा कोर्स लागतो. त्याची फी वेगळी. शिवाय एका जागेला चारशे अर्ज. ते बॉइसीसारख्या मोठ्या शहरांत. मला आपल्याच गावात राहायचंय, रॉयसबरोबर. वशिला घरचाच आहे.

१० ऑगस्ट, दुपार
आज घरीच सराव करणार. मागच्या अंगणातलं वाळलं गवत पेटवायचं आणि शास्त्रोक्त पद्धतीने विझवायचं. एका दगडात दोन पक्षी, गवत कापायचं कामही वाचलं. वारा किरकोळ.

११ ऑगस्ट
वारा किरकोळ नव्हता. अंगणातली शेड जळून गेली. कोट घालण्यात वेळ गेला. त्याला फार बकल्स. तोवर डार्लाने बागेच्या पाइपने घर वाचवलं होतं आणि रॉयसचा ट्रक आला होता. पेपरवालाही आला. ट्रकमागे जागा नव्हती.

१४ ऑगस्ट
फोटो पहिल्या पानावर. कोट उठून दिसतो. खाली छापलंय, ‘आग लावणारा अग्निशमन-विद्यार्थी’. या देशात पत्रकारिता उरलेली नाही.
बोलल्याप्रमाणे स्टेशनवर आइस्क्रीम नेलं. सगळ्यांनी दोन-दोन स्कूप घेतले. विषय निघालाच म्हणून रॉयसला सहज विचारलं, सुरुवातीला पगार किती देतात?
“पगार? दाजी, अकरा वर्षं मी डिझेलची इंजिनं दुरुस्त करून पोट भरतोय. इथे एकालाही दमडी मिळत नाही. सगळे हौशी स्वयंसेवक. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”
ठाऊक होतंच. खात्री करून घेत होतो. आइस्क्रीमचे एकसष्ट डॉलर झाले. ते पिस्त्याचं होतं, हिरवंगार, शेवाळासारखं. मला खाववलं नाही.

२७ सप्टेंबर
सर्टिफिकेट मिळालं. फ्रेम डार्लाला आणायला सांगितली. तिने विचारलं, टांगणार कुठे? स्वयंपाकघरातली भिंत ओली आहे.

६ ऑक्टोबर, सकाळ
रात्रीपासून पाऊस. टायरच्या दुकानाला आज सुट्टी, म्हणून उशिरा उठलो. स्वयंपाकघरात गेलो तर डार्ला शेगडीपुढे पॅनकेक करत होती. अंगात माझा कोट, डोक्यात माझं हेल्मेट. वरून धार, हेल्मेटवरून ओघळून कोटावर, कोटावरून जमिनीवर. ती आत कोरडी.
मला वाटलं, भांडेल. भांडली नाही. पॅनकेक उलटवून एवढंच म्हणाली, “माल चांगला आहे रे, व्हर्जिल. थेंबभर आत येत नाही. चार हजारांत एका माणसापुरतं छप्पर झालं.”
मग माझी बशी माझ्यापुढे ठेवली. पॅनकेक ओला होता. मी खाल्ला.