ताईच्या किल्लीचा फोटो

३ जून, सोमवार
ताईच्या दाराला कुलूप बसवून आलो. दाजींच्या मारझोडीला कंटाळून तिने हे घर भाड्याने घेतलंय. पत्ता त्यांना ठाऊक नाही. किल्ली काय झकास फिरते! दारासमोर धरून फोटो काढला, माझ्या कुलूप-किल्लीच्या दुकानाच्या फेसबुक पानावर टाकला – ‘आज बहिणीच्या दारी!’ बायको म्हणाली, “अशानेच गिऱ्हाईक वाढतं.”

५ जून, बुधवार
दुकानात एक बाई आल्या. किल्ली हरवलेली, मोबाइलवर तिचा फोटो तेवढा. “यावरून होईल का हो?” फोटो मोठा केला, खाचा मोजल्या, कानस चालवली. तासाभरात बाईंचा फोन – दार उघडलं! माझी कॉलर ताठ.

जेवायला बसलो आणि हातातला घास ताटात ठेवला. मग ताईची किल्ली?

त्याच दिवशी, संध्याकाळी
फोटो पानावरून उडवला. बैल गेला आणि झोपा केला! दोन दिवस होता तो. एकूण एक खाच स्पष्ट. मागे घराचा नंबर, जिन्याच्या खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. उडवण्याआधी पसंती देणाऱ्यांची यादी पाहिली. सत्तावीस जण. त्यात दाजी.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो मीच.

६ जून, गुरुवार
सकाळीच जाऊन कुलूप बदललं, त्याच बनावटीचं दुसरं बसवलं. स्प्रिंग ढिली होती म्हणून थाप मारली. ताई हसली, “तीन दिवसांत? कारागिरी घसरली रे तुझी!” मग चहा ओतताना म्हणाली, “इथे आल्यापासून शांत झोप लागते बघ.” त्यावर खरं सांगायला जीभच रेटली नाही. भित्रा आहे मी.

७ जून
फोन वाजला की आधी ताईचा नंबर आहे का ते बघतो.

८ जून, शनिवार
ताईने बोलावून घेतलं. कामावरून परतली तर कुलपात किल्ली तुटून अडकलेली. चिमट्याने तुकडा ओढून काढला. नवा कोरा. खाचा ओळखीच्या – माझ्याच फोटोतल्या, जुन्या कुलपाच्या.

“तू येऊन गेलास का रे?” ताईने विचारलं.

नाही म्हणालो. मग सगळं सांगितलं. ती उठली. स्टूल ओढलं, कपाटावरची बॅग खाली काढली.