निळी घ्यावी की पोपट

४ मार्च

हीटर गेला. जाताना धूर काढून गेला! खिडकीतला कूलर तर मागच्या उन्हाळ्यापासूनच गळतोय. हे म्हणाले, "दोन्ही भंगारात काढू. हल्ली एकच यंत्र गारही करतं आणि गरमही. उद्या आणतो."

उद्या म्हणजे उद्याच आणतील. हे घर ह्यांनी दुपारी बघितलं आणि संध्याकाळी ठरवून मोकळे झाले होते. गाडी आणली तेव्हा मला रंगसुद्धा विचारला नाही.

६ मार्च

आणलं नाही. तीन कंपन्यांची पत्रकं आणली! एकीवर पोपटाचं चित्र, एक सगळी निळी, आणि तिसरी ती जुनी कंपनी, जिचा पंखा माझ्या माहेरी होता. तिघींचं यंत्र म्हणे सर्वांत कमी वीज खातं. तिघींचंही सर्वांत कमी कसं असेल?

आणि ते टन. मला वाटलं, यंत्राचं वजन. म्हटलं, भिंत पडेल! हे हसून हसून बेजार. यंत्र किती गार करतं, त्याचं ते माप आहे म्हणे. मग दुसरा शब्द मिळाला नाही का मेल्यांना?

९ मार्च

सकाळी निळीवाला येऊन भिंती मोजून गेला. म्हणाला, दीड टन. दुपारी पोपटवाल्याने त्याच भिंती मोजल्या. म्हणाला, एक टनाची दोन. आमचं घर जेवणानंतर वाढलं की काय! हे जन्मभर लोकांच्या जमिनी मोजत आले, टेप ह्यांच्या हातचा मळ. पण दोघांपुढेही नुसती मान डोलावली. माझं डोकं भणभणतंय.

१० मार्च

चिमीला फोन केला. मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानातूनच करते, गिऱ्हाईक नसलं की. घरून करायची सोय नाही. लेकीने आम्हाला न सांगता लग्न केलं, त्या दिवसापासून ह्यांनी तिच्याशी बोलणं टाकलंय. दीड वर्ष होत आलं. तिचं नाव निघालं की उठून बाल्कनीत जातात. ती तिकडे म्हणते, आधी बाबांनी बोलावं. बाप तसा हट्टी, लेक त्याच्यावर कडी, आणि मधल्या मधे माझा जीव तुटतो.

खरं तर ह्यातलं तिच्याइतकं कोणाला कळणार? मोठमोठ्या इमारतींत गार-गरम हवा कशी खेळवायची, त्याचे नकाशे काढणं हीच तिची नोकरी. म्हणाली, "निळी घे आई. डोळे झाकून घे."

घरी येऊन ह्यांना म्हटलं, दुकानात एक बाई आल्या होत्या, ह्याच धंद्यातल्या. निळी घ्या म्हणाल्या.

"बघू."

बघू! ह्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

१५ मार्च

निळी नको. तिचे सुटे भाग लवकर मिळत नाहीत म्हणे. "कोण म्हणालं?" तर म्हणे, "भेटला एक जण. त्याच धंद्यातला आहे."

हे हल्ली संध्याकाळचे फिरायला जातात. डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते तेव्हा कधी गेले नाहीत.

१८ मार्च

पोपट ठरला. सुटले!

१९ मार्च

पोपट नको. त्याचं बाहेरचं यंत्र घरघर करतं. झोपायच्या खोलीच्या भिंतीला लावलं तर डोळ्याला डोळा लागायचा नाही. हेही त्याच फिरायला भेटणाऱ्याने सांगितलं.

दुकानात गेल्या गेल्या चिमीला विचारलं. "हो गं, आवाज आहेच त्याला. जुन्या कंपनीचं बघा ना."

"अगं, तू तर निळी म्हणाली होतीस! डोळे झाकून!"

"ते तेव्हा, आई."

तेव्हा म्हणजे? यंत्र आहे की भाजी, सकाळी ताजी आणि संध्याकाळी शिळी? शिकलेल्या मुलीने तरी एका शब्दावर राहावं. तिच्यावर उगीच चिडले. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं, फोन ठेवावा लागला आणि दिवसभर रुखरुख लागून राहिली.

२४ मार्च

आज जुन्या कंपनीचा माणूस आला. ह्यांनी त्याची उलटतपासणीच घेतली. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन हिशोबात धरलंय का? स्वयंपाकघराचं दार उघडं राहिलं तर? नळी कुठून वळवणार? तो बिचारा घामाघूम. मीही बघतच राहिले. हे सगळं ह्यांना कधीपासून कळायला लागलं? आणि इतकं कळतंय तर ठरवत का नाहीत? तो गेल्यावर म्हणतात, "निळीचा पुन्हा विचार करायला हवा."

थोरल्या दीरांचं असंच सुरू झालं होतं. आधी कोणता शर्ट घालावा ते ठरेना. सगळे हसायचे, मीसुद्धा. मग एक दिवस स्वतःच्याच दारात उभे राहून विचारत होते, हे कोणाचं घर?

नको रे देवा. हे यंत्र नको आणि काहीच नको. घाम आला तर येऊ दे.

२८ मार्च

शेजारच्या शिक्षिकाबाई हळूच म्हणाल्या, "तुमचे साहेब काल जिन्यात एकटेच हसत बसले होते. सगळं बरं आहे ना?"

बरं आहे म्हटलं. दार लावून घेतलं आणि खूप रडले.

२ एप्रिल

राहवेना. दुकान उघडल्या उघडल्या चिमीला फोन लावला. म्हटलं, कंपनी गेली खड्ड्यात. बाबांचं मला काही ठीक दिसत नाही. काल ठरवलेलं आज मोडतात, जिन्यात एकटेच हसतात. काकांसारखं तर नसेल? डॉक्टरांकडे नेऊ का? तू एकदा ये. ते बोलले नाहीत तरी ये.

तिकडून हुंदका ऐकू आला. मला वाटलं, तीही घाबरली.

"आई, बाबांना काही झालेलं नाही. ते रोज संध्याकाळी मला फोन करतात. कोणती कंपनी घ्यायची ते विचारायला. पहिल्या दिवशी तर हॅलोसुद्धा म्हणाले नाहीत, डायरेक्ट 'टन कसे काढतात?'"

दारात गिऱ्हाईक आलं होतं, त्याला हातानेच थांबवलं.

"मग तू एकदाचं सांगत का नाहीस त्यांना?"

"सांगितलं आणि ठरलं, तर उद्यापासून कशाला करतील ते फोन?"

३ एप्रिल

संध्याकाळी हे सगळी पत्रकं गोळा करत म्हणाले, "पुरे झालं. निळीच घेऊ." चेहरा एवढासा.

मी म्हटलं, "थांबा हो. मला त्या पोपटाची वॉरंटी काही कळली नाही. तुमच्या त्या फिरायला भेटणाऱ्याला विचारून बघता का?"

चपला घालायच्या आधीच खिशातला फोन बाहेर आला होता.