हात पोचत नाही तिथे

३ नोव्हेंबर

आले एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एक खिडकी, एक पलंग, दाराला लागूनच न्हाणीघर. तिथला नळ भलता हट्टी आहे. बंद केला तरी शेवटचे दोन थेंब गाळल्याशिवाय गप्प बसत नाही. त्याचं नि माझं जमेल असं दिसतंय.

कामही पसंत पडलं. कवळ्या तयार करायच्या, म्हणजे दिवसभर मेणात एकेक दात बसवायचा. प्रत्येकाचं टेबल वेगळं, प्रत्येकाच्या कानात गाणी. आजूबाजूला एवढे दात, पण बोलायला तोंड एकही नाही, असं दादाला फोनवर सांगितलं तर तो खो खो हसला. वहिनीने मात्र विचारलं, करमतंय ना गं? म्हटलं, अगदी मजेत.

८ नोव्हेंबर

आज टॅटू काढून घेतला! उजव्या खांद्याखाली, पाठीवर, एक चिमणी. काढणारा दाढीवाला दिसायला राक्षस, पण हात लोण्यासारखा. दुखलं, पण सबंध दुपार कोणीतरी माझ्याशी गप्पा मारत होतं, त्यामुळे संपलं तेव्हा वाईटच वाटलं.

त्याने पथ्यं सांगितली. आधी स्वतःचे हात साबणाने धुवायचे, त्याशिवाय चिमणीला शिवायचं नाही. कोमट पाण्याने धुवायची, टिपायची, घासायची नाही. मलम अगदी पातळ. खपली धरेल, खाज सुटेल, पण नख लावायचं नाही. मग म्हणाला, पाठीला आपला हात पोचत नाही, घरी कोणी आहे ना लावायला? मागे माणसं ताटकळत बसली होती. त्यांच्यादेखत कोणी नाही म्हणायची लाज वाटली. म्हटलं, आहे ना, मोठी बहीण आहे. तिचा हात हलका आहे का, असंही त्याने विचारलं. म्हटलं, एकदम.

मला बहीण नाही. एक दादा आहे, तोही लांब. कुठून सुचलं कोण जाणे. पण घरी येईपर्यंत तिचाच विचार करत होते. वेणी घालत असती का, मला ओरडत असती का, वगैरे.

१० नोव्हेंबर

फजिती! वरून हात घातला, खालून घातला, शेवटी उलथन्याला मलम लावून आरशासमोर कसरत केली. मलम केसांना लागलं, दाराला लागलं, चिमणी कोरडीच. आधी हसू आलं, मग रडू. पाठीला बोटभर मलम लावायला एक माणूस लागतं, आणि या सबंध शहरात माझ्याकडे ते नाही.

मग डोळे पुसून चेष्टेने मोठ्यांदा म्हटलं, ताई, तूच लाव बाई आता.

११ नोव्हेंबर

सकाळी उठले तर चिमणीवर मलम. पातळ, सगळीकडे सारखं. झोपेत मीच लावलं असणार. कसं, ते विचारू नये.

१४ नोव्हेंबर

आज कळलं.

कामावरून येऊन पाठ धुतली, टिपली आणि तिथेच स्टुलावर मान खाली घालून बसले. मागे नळ सुरू झाला. साबण हातावर फिरल्याचा आवाज आला. नळ बंद, दोन थेंब. मग पाठीवर एक बोट. गार होतं, पण इतकं हलकं, की दाढीवाल्यालाही जमलं नसतं.

घाबरायला हवं होतं. मी डोळे मिटून बसून राहिले. मला कोणी हात लावून किती काळ झाला होता! नंतर वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. हातांचा टॉवेल तेवढा ओला.

१९ नोव्हेंबर

खपल्या निघतायत. खाज अशी सुटते की जीव जाईल, पण तेव्हा ती नुसती हलकेच थापटते. मी तिला दिवसभराचं सगळं सांगते. कोणाच्या कवळीत एक सोन्याचा दात बसवला, कोण कोणावर खेकसलं. ती बोलत नाही. पण ऐकते, ते पाठीला कळतं.

आज कामावरच्या मालकीणबाईंनी आपणहून घरी चहाला बोलावलं. इतके दिवस त्याचीच वाट बघत होते मी! तरी म्हटलं, नको, घरी बहीण खोळंबली असेल. खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही.

२३ नोव्हेंबर

दाढीवाल्याला दाखवून आले. तो खूश. इतकी छान भरलेली कातडी क्वचित बघायला मिळते म्हणाला, बहिणीला शाबासकी सांगा. आता मलम बंद केलं तरी चालेल.

घरी येऊन तिला शाबासकी सांगितली. म्हटलं, ताई, मी बरी झाले. आता तू त्रास घेऊ नकोस.

नळ सुरू झाला. बराच वेळ चालू होता. मी जाऊन बंद केला.

२४ नोव्हेंबर

उशी, चादर, रक्त. आरशात पाहिलं — चिमणी उभी-आडवी ओरबाडलेली आहे. पंख कुठला, चोच कुठली, कळत नाही. आणि वरून मलम. पातळ. सगळीकडे सारखं.

माझी नखं स्वच्छ आहेत. माझा हात तिथे पोचत नाही.

२६ नोव्हेंबर

मलमाची ट्यूब कामावरच्या कचऱ्यात टाकून आले. संध्याकाळी ती बेसिनवर होती. झाकण उघडं.

आता डाव्या मनगटावरही चार ओरखडे आहेत. त्यांवरही मलम. तिला काहीतरी लावायला हवंच — मी बरी झाले तर तिचं इथे काय काम?

दादाला फोन केला. नुसती रडले. मला घेऊन जा म्हटलं. का, ते सांगता आलं नाही. तो म्हणाला, वेडे, उद्या दुपारी आम्ही दोघं तिथे आहोत. जीव भांड्यात पडला.

२७ नोव्हेंबर

बॅग भरून ठेवली. ताप आहे. पडल्या पडल्या डोळा लागला.

दुपार गेली. ते आले नाहीत. फोन केला.

दादा हसत होता. म्हणाला, सकाळी वहिनीने फोन केला तेव्हा तुझ्या सोबतिणीने उचलला. किती गोड बोलते गं! म्हणाली, मी मोठ्या बहिणीसारखीच आहे तिला. जखम चिघळलीय, पडून राहू दे, येऊन दगदग करू नका. इतकं मायेचं माणूस तुला मिळालं, आम्हाला घोर नाही आता.

मी ओरडले, इथे कोणी नाही! तो हळू आवाजात म्हणाला, तापात तू असंच म्हणशील, हे तिने सांगितलंच होतं. पूर्ण बरी झालीस की येतो, म्हणाला.

पूर्ण बरी झाले की —

दादा, ती होऊ देणार नाही —

२८ नोव्हेंबर

पोटरी. मान. दोन्ही खांदे. जिथे माझा हात पोचतो तिथेही आता —

फोन सापडत नाही. दार न्हाणीघराच्या पुढे आहे. उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी —

कोणी विचारलं तर मालकीणबाई सांगतील, बहीण आहे तिची. दाढीवालाही सांगेल. सगळ्यांना मीच सांगून ठेवलंय —

नळ सुरू झाला.

साबणाचा वास.

बंद. एक थेंब. दुसरा —

हात मागतेय. उजवा. लिहायचा. म्हणते, याला तर अजून काहीच झालेलं ना