मागच्या रांगेतले उंदीर

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. तुझा बत्तीस वर्षांपूर्वीचा प्रयोग मी पुन्हा केला. उंदरांची जात, वजन, डोस सगळं तेच.
२. तुझ्या वेळी औषध टोचलेल्या उंदरांच्या मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन चाळीस टक्के जास्त भरलं होतं. तुलना अर्थात नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांशी.
३. माझ्याकडे तीन टक्के भरलं. म्हणजे काहीच नाही.
४. पुन्हा केला. दोन टक्के.
५. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, लेख लिहायला घे. मी म्हटलं, आधी आत्याला विचारते.

हा प्रयोग तुझ्या नावाने ओळखला जातो. मी या विषयात आले तीही त्यामुळेच. तेव्हा चूक माझी असावी असं धरून चालले आहे. लेखात न लिहिलेलं असं काही तू करत होतीस का? बाबा म्हणतात, तू स्वयंपाकातही वहीत एक लिहून पातेल्यात दुसरंच घालायचीस. हे निरीक्षण त्यांचं आहे, मी तपासलेलं नाही.

तुझी भाची

११ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

पत्र आहे की पंचनामा, हे कळायला मला ते दोनदा वाचावं लागलं. आत्याची तब्येत हा सहावा मुद्दा तुझ्याकडून राहिला, म्हणून मीच सांगते. गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. तुझ्या बापाला म्हणावं, माझ्या पातेल्यातलं खाऊनच तो एवढा सुटला.

न लिहिलेलं म्हणशील तर एकच गोष्ट. ते औषध पाण्यात कालवलं की अर्ध्या तासात तपकिरी पडायचं. म्हणून औषधवाले वीस उंदीर सकाळीच टोचून, मारून उरकायचे आणि मिठाच्या पाण्याचे वीस मागाहून. मीठ कुठे नासतंय, असं आमचे सर म्हणायचे. तोवर त्यांचे पिंजरे तिथेच, मेजाखाली. उंदीरघर दोन जिने खाली होतं, आणि गुडघा तेव्हा धड असला तरी आळस होताच.

एवढ्याशा गोष्टीला लेखात कोण जागा देतं? पण माझी चूक काढणारच असशील तर नीट काढ. अर्धवट कामाचं कौतुक आपल्या घरात कुणी केलेलं नाही.

माझा लोभ आहेच, तो मोजायला घेऊ नकोस.
आत्या

२८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे?

चाळीस उंदीर घेतले. औषध कुणालाच दिलं नाही, सगळ्यांना मिठाचं पाणी. विसांना आधी मारलं, विसांना त्याच खोलीत मेजाखाली ताटकळत ठेवलं. आधी मारलेल्यांत नॉरअ‍ॅड्रेनलिन सदतीस टक्के जास्त भरलं.

मागच्या विसांनी पुढच्यांचे आवाज ऐकले, वास घेतला, आणि भीतीने ते रसायन खर्च करून टाकलं. औषधाने काही वाचवलेलं नव्हतं. माझे दोन्ही गट मी आलटूनपालटून घेतले होते, म्हणून माझ्याकडे फरक दिसला नाही. तू जे मोजलंस ते आपल्या पाळीची वाट पाहणं होतं.

हे पत्र लिहायला मी तीन दिवस लावले. सहसा लावत नाही.

तुझी भाची

७ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

बत्तीस वर्षं मी औषधाचे गुण गायले आणि करामत होती रांगेची. तुझं पत्र वाचलं आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. माझ्या आठ विद्यार्थ्यांनी या आकड्यावर प्रबंध लिहिले. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, हे तुझ्या यंत्रात मोजून मिळेल का?

लेख लिही. फक्त शीर्षकात माझं नाव आणू नकोस. म्हातारीला आडवं पाडल्याचं श्रेय तुला तसंही मिळेल.

पूर्वीइतकीच तुझी,
आत्या

१२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लेखाची प्रत सोबत आहे. लेख जाणार. तुझ्यासाठी तो थांबवला असता, तर तूच मला दारात उभं केलं नसतंस.

आडवं पाडल्याचं लिहिलंस, ते बरोबर नाही. उंदरांचा क्रम कुठल्याच लेखात नव्हता. तो ठाऊक असलेली तू एकटीच उरली होतीस. तू गप्प बसली असतीस, तर मी अजून माझंच यंत्र पुसत राहिले असते.

म्हणून लेखकांमध्ये तुझं नाव पहिलं आणि माझं दुसरं घातलं आहे. विद्यार्थ्यांना सांगायचं ते त्यातच सांगून होईल. प्रमुख बाई म्हणाल्या, स्वतःची चूक काढणाऱ्या लेखावर पहिलं नाव कुणी लावत नाही. मी म्हटलं, आमच्या घरात लावतात. या विधानाला अजून पुरावा नाही. तो तुझ्याकडून यायचा आहे.

नाव ठेवायचं की काढायचं, एवढंच कळव. लेख २२ तारखेला पाठवायचा आहे, तेव्हा उत्तर २१ मार्चपर्यंत मिळावं.

तुझी भाची