नसलेला सिग्नल

कोची, १० मे

ती. स्व. तोकुझोमामांस,
कोझुएचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर सगळ्याला हो-हो म्हणता आणि नंतर मामी सांगतात की तुम्हाला काहीच ऐकू आलेलं नव्हतं. म्हणून हे पत्र.

तुमची भाची अजून ट्रामची चालक झालेली नाही. पहिल्या परीक्षेत ब्रेक दचका देऊन लावला म्हणून मी नापास झाले, हे तुम्हाला माहीत आहेच. दुसरी परीक्षा महिनाअखेरीस आहे. तीही गेली तर मला कायमची कार्यालयात बसवतील, विसरलेल्या छत्र्या सांभाळायला. छत्र्यांवर माझा राग नाही, पण त्यांच्यासाठी मी ओकायामा सोडून समुद्रापलीकडे आले नव्हते.

इथे पूर्वेला जाणाऱ्या ट्रामच्या कपाळावर शेवटच्या गावाचं नाव लिहिलेलं असतं, ‘गोमेन’. आणि मी तर खांबाला धक्का लागला तरी त्याला गोमेन, माफ कर, म्हणणारी. डेपोतले लोक म्हणतात, कोझुएला निराळी माफी मागायची गरजच नाही, तिची गाडीच गावभर माफी मागत फिरते.

आता खरी काळजी. लहानपणी तुमच्या केशकर्तनाच्या दुकानातल्या खुर्चीचा दांडा मी ट्रामचा समजून ओढायचे आणि तुम्ही गिऱ्हाइकाचा टॉवेल झटकून ओरडायचात, ‘शुप्पात्सु शिन्को!’ म्हणजे निघालो! एवढंच मला ठाऊक. गेल्या आठवड्यात थांब्या-थांब्यावर माझ्या तोंडून तेच निघालं. शिकवणाऱ्या नाकाउचीसाननी गाडी थांबवायला लावली आणि शांतपणे विचारलं, कोणता सिग्नल? मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सांगितलं, की ती आरोळी नाही, ते वाचन आहे. ‘शुप्पात्सु’ म्हणजे प्रस्थानाचा सिग्नल, ‘शिन्को’ म्हणजे तो हिरवा आहे. आधी डोळ्यांनी बघायचं, बोट दाखवायचं, मग तोंडाने वाचायचं. रस्त्यातल्या थांब्याला असा सिग्नल नसतोच. म्हणाले, आज नसलेला सिग्नल वाचणारी उद्या लाल सिग्नल हिरवा वाचेल. परीक्षेत तो शब्द भलत्या जागी एकदा जरी आला, तरी मी नापास.

मामा, तुम्ही चुकीचं शिकवलंत असं मला मुळीच म्हणायचं नाही. तसं वाटलं असेल तर गोमेन. पण जिभेवरचा हा शब्द काढू कसा? झोपेतसुद्धा येतो, असं शेजारच्या खोलीतली मुलगी सांगते.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ नेहमीचाच, पण महिनाअखेरीपर्यंत थोडा जास्त पाठवा.

तुमची,
कोझुए

ओकायामा, १६ मे

चि. कोझुए हिस,
तोकुझोमामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी दुकानातच उघडलं. खुर्चीत पोस्टातून निवृत्त झालेले मियोशी होते, अर्धी दाढी झालेले. त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्यांचे वडील, ते स्वतः आणि त्यांचा नातू, सगळे निघालो याच अर्थाने ओरडत आले. तेव्हा चूक असेल तर ती रेल्वेची. मी जोरात मान डोलावली. तेवढ्यात आतून तुझी मामी म्हणाली, जन्मभर गाड्यांचे आवाज टिपत हिंडलात, पण एका शब्दाचा अर्थ कुणाला विचारायचं काही सुचलं नाही. मग आम्ही दोघे बराच वेळ आरशात बघत राहिलो.

ती म्हणते ते खरंच आहे. गाडीवेड्यांत कुणी फोटोवाला, कुणी वेळापत्रकवाला, मी आवाजवाला. टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन गप्प बसायचो आणि डोळे मिटून घ्यायचो. डोळे मिटणाऱ्याला सिग्नल कुठून दिसणार? आता कानही जाताहेत. नव्या गाड्यांचा बारीक आवाज माझ्या डोक्यावरून निघून जातो. पण तुमच्याकडच्या त्या जुन्या, सहाशे नंबरच्या गाड्या! मोटर आसालाच लटकवलेली, सुटताना गायीसारखी हंबरते आणि वेग धरला की त्याच हंबरण्याचं गाणं होतं. तेवढं तरी मला अजून ऐकू येईल असं वाटतं. तू चालवायला लागलीस की येतोच बघायला.

तेव्हा रडगाणं पुरे. जीभ रिकामी ठेवलीस तर जुना शब्द परत येऊन बसेल. तिला दुसरं काम दे. जे समोर दिसतं तेच म्हण: दार बंद, रस्ता मोकळा. लहानपणी गिऱ्हाईक नीट टेकून बसल्याशिवाय तू खुर्ची हलवत नव्हतीस, आणि मियोशींना दोनदा विचारायचीस, बसलात ना? अशी मुलगी ट्राम चालवणार नाही तर कोण चालवणार?

उरलेली अर्धी दाढी करायला घेतो. लोभ मागितलास तेवढा पाठवला आहे, पोचल्याचं कळव.

तुझा,
तोकुझोमामा

कोची, ३१ मे

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले. हे आधी लिहिते, नाहीतर तुम्ही मधलं न वाचता शेवटाकडे पळाल.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. दार बंद, रस्ता मोकळा, असं म्हणत अख्खं शहर पार केलं. तो शब्द एकदाही फिरकला नाही. ब्रेक तर असा लागला की परीक्षकांच्या हातातली पेन्सिलही हलली नाही. मी मनात म्हटलं, जिंकले.

मग नदीवरच्या पुलाजवळ दुहेरी रूळ संपून एकेरी सुरू होतो, तिथे गाडी उभी केली. समोर प्रस्थानाचा सिग्नल, खराखुरा. तो हिरवा झाला. मी बोट उचललं आणि तोंड उघडेना. मामा, मी तो शब्द इतका घासून काढला होता की जिथे म्हणायलाच हवा तिथेही तो सापडेना. न म्हणता निघाले तर नापास. नाकाउचीसान मागे उभे राहून खिडकीबाहेरची नदी बघत होते, जशी काही ती त्यांनी आधी कधी पाहिलीच नव्हती.

शेवटी मी स्वतःलाच विचारलं, कोणता सिग्नल? हा, माझ्या बोटासमोरचा. कसा आहे? हिरवा. आणि मग ते आपोआप बाहेर आलं, ओरडून नाही, पाटी वाचावी तसं: शुप्पात्सु, शिन्को. इतकी वर्षं तोंडात असलेला शब्द मी काल पहिल्यांदा म्हटला.

उतरल्यावर परीक्षकांना उशिराबद्दल गोमेन म्हटलं. ते म्हणाले, परत पूर्वेला जाणाऱ्या गाडीवर ते लिहिलेलंच आहे, तू नुसतं बघायला शीक, आज शिकलीस तसं. नाकाउचीसान मात्र म्हणाले, छत्र्यांच्या खोलीत कार्यालयातल्या लोकांनी तुझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती, ती आता फुकट गेली.

आता या. कात्सुओ मासा पेंढ्यावर भाजून खायला घालीन. तुमच्या लोभाची पोच यासोबतच समजा.

तुमची,
कोझुए (चालक)

ओकायामा, ९ जुलै

चि. कोझुए हिस,
अ. उ. आ.

सुखरूप घरी पोचलो. मामीने पीच पाठवले आहेत, नाकाउचींना मोठे दे.

तिथे तू कामावर होतीस म्हणून बोललो नाही. तुझी गाडी सुटली आणि मी कान लावून बसलो, पण ते हंबरणं काही आलं नाही. मला वाटलं, संपलं. मग जमिनीतून बुटांच्या तळव्यांना काहीतरी लागलं, आणि वेग धरला तसं ते गुडघ्यापर्यंत चढत आलं. म्हटलं, ही तीच. मांडीवर टेपरेकॉर्डर नव्हता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा गाडीत डोळे उघडे ठेवून बसलो.

पुलाजवळ तू बोट उचललंस. तुझा आवाज माझ्यापर्यंत आला नाही. मी बोटाच्या सरळ रेषेत पाहिलं, आणि तिथे खरोखरच एक हिरवा दिवा होता. मग मीही हळूच तो शब्द म्हटला. शेजारच्या म्हातारीने विचारलं, कुठे निघालात? मी सांगितलं, कुठेच नाही, वाचतोय.

आता पत्र संपवताना सगळे लिहितात तसं लोभ असू दे, असं मी लिहिणार नाही. मान वर कर, बोट दाखव, तो आहे का ते आधी बघ, आणि मगच मोठ्याने म्हण.

तुझा,
तोकुझोमामा